चार चाळीसचा फोटो

पोलीस ठाण्यात फुलवाल्याचा फोन येतो तो फार तर साहेबांच्या सत्काराचा हार तयार झाला म्हणून. बुधवारी सकाळी सव्वानऊला टिकेशचा फोन आला तेव्हा हवालदार दामिनी बिसेनला तसंच काहीतरी वाटलं.

"म्याडम, लवकर या. पटले काकी पडून आहेत घरात. रक्त आहे. जीव आहे, पन बोलून नाई राहिल्या."

"अँब्युलन्स?"

"बलावली जी. तुमी या आधी."

गोंदियाजवळचं हे गोरेगाव केवढं? ठाण्यातून निघालेला माणूस पाचव्या मिनिटाला गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, वाटेत दोघांना रामराम घालूनसुद्धा. दामिनीनं त्या दिवशी कुणाला रामराम घातला नाही.

सुखवंताबाई पटले एकाहत्तर वर्षांच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, खेड्यातली धानाची शेती बटईनं दिलेली, एकुलती एक लेक योगेश्वरी पुण्याला. बाई एकट्या राहायच्या आणि कुणाची पत्रास ठेवायच्या नाहीत. आता त्या स्वयंपाकघरात जमिनीवर आडव्या होत्या. मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, म्हणून खिडक्या झडपा लावून बंद. फटींतून येणारा उजेड पुरेना, म्हणून दामिनीनं दिव्याचं बटण दाबलं, तेव्हा कुठे सगळं नीट दिसलं.

पाटासमोर वाढलेलं ताट. भात, वरण, लोणच्याची फोड. भाताला बोट लागलेलं नव्हतं. बाईंचं डोकं ओट्याच्या कडेपाशी, रक्त वाळून काळं झालेलं. डोळे उघडे होते. उजवं अंग लाकडासारखं पडलं होतं, आणि डाव्या हातानं त्यांनी दामिनीची बाही अशी पकडली की सोडवता सोडवेना.

"काकी, कोणी मारलं का? कोण आलं होतं?"

बाईंच्या तोंडून नुसता "अ... अ..." एवढाच आवाज आला. काय सांगायचं होतं ते डोळ्यांत मावत नव्हतं, पण जीभ साथ देईना. दामिनीच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत तिला साक्षीदार खोटे भेटले, फितूर भेटले, पळपुटे भेटले. सगळं ठाऊक असून बोलता न येणारा साक्षीदार हा पहिलाच, आणि तिला तो सोसवेना.

अँब्युलन्स बाईंना गोंदियाला घेऊन गेली. मग दामिनीनं घर पाहिलं. कपाट जागच्या जागी, गळ्यातली सोन्याची सरी गळ्यात. पुढच्या दाराला आतून कडी नव्हती, नुसतं ओढून घेतलेलं. बैठकीत टीपॉयवर फुलांचा गुच्छ होता, रजनीगंधाच्या दहा काड्या आणि सहा लाल गुलाब, पारदर्शक कागदात बांधलेले. काकींची ती दशा आणि फुलं मात्र टवटवीत, पाकळ्यांवर पाण्याचे थेंब. मध्ये एक कार्ड खोचलेलं होतं, निळ्या शाईत लिहिलेलं: 'आई, फोन उचल. योगू.'

पंचनामा झाला. मुद्देमाल म्हणून गुच्छ ठाण्यात आला आणि दामिनीच्या टेबलामागच्या लोखंडी कपाटावर जाऊन बसला.

*

टिकेशचं दुकान बसस्टँडसमोर. चारेक वर्षांपूर्वीपर्यंत तिथं देवाचे हार आणि नवरदेवाचे सेहरे मिळायचे. मग एका ऑनलाइन कंपनीशी टिकेशचं जमलं. मुंबईत, बंगलोरमध्ये, दुबईत बसलेल्या लेकानं बटण दाबलं की त्याच दिवशी इथे आईच्या हातात फुलं. दुकानात पाटीच होती: 'आज ऑर्डर, आजच डिलिव्हरी.' तिच्याखाली पाच पिवळे तारे रंगवलेले. कोपऱ्यात त्याची आई भागरथाबाई बसलेली असे. तीस वर्षं दोरा ओढून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, तरी मान खाली घालून तिचं ओवणं चालूच.

"सगळं पहिल्यापासून सांग," दामिनी म्हणाली.

"काल ऑर्डर आली जी पुन्याहून, पावणेदोनले. मी नेऊन देल्ली. काकीनं सोताच्या हातानं घेतली. हा पाहा फोटो."

मोबाइलमध्ये फोटो होता. गुच्छ, आणि तो धरणारा एका म्हाताऱ्या बाईचा सुरकुतलेला हात. मागे नुसती पांढरी भिंत. खाली वेळ: मंगळवार, चार चाळीस.

"चेहरा नाही घेतला?"

"बायामानसं चेहऱ्याले लाजतात जी. कंपनीले हात चालते."

"काकी बऱ्या होत्या?"

"एकदम बऱ्या."

"काही बोलल्या?"

टिकेशनं ओठावरून जीभ फिरवली. "उद्या सकारी देवाले हार आनून दे म्हनल्या. म्हनून तर मी आज गेलो. हाक मारली, ओ नाई. दार लोटलं तं..." त्यानं बाहीला डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं. "मी पानी पाजाले गेलो म्याडम. पानी तोंडातून बाहेर येऊन राहिलं होतं."

"काल सीझनचा दिवस. गर्दी असंल?"

"विचारू नोका. कोहमाऱ्याले लग्नाचा स्टेज होता, दोन गाड्या सजवाच्या होत्या. जेवाले टाइम नाई भेटला."

दामिनीनं लिहून घेतलं. फोटो आपल्या मोबाइलवर मागवला.

*

ठाणेदार भूपेंद्र रहांगडाले यांना गुंता आवडत नसे. दिसला की ते तो ओढून तोडायचे.

"सरळ आहे," ते म्हणाले. "चार चाळीसला बाई धडधाकट, फुलं घेऊन राहिली. त्याच्यानंतर रात्री जेवायला बसली, तेव्हा कोणी ढकललं. घरात रोज कोण येते?"

"रुख्मा येते, साहेब. दुपारी तीनला, भांडी घासायला."

"आणि तिचं बाईशी परवा भांडण झालं, शेजारी सांगतात. बोलवा तिला."

रुख्मा आली ती रानातूनच. सध्या तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटे रानात जाऊन पानं तोडायची, पुडे बांधायचे आणि दुपारी फडीवर, म्हणजे जिथं पत्ता जमा होतो तिथं, नेऊन द्यायचे. पन्नाशीची बाई, रापलेले हात, डिंकानं काळी पडलेली बोटं, त्यातल्या एकाला चिंधी बांधलेली. बाकावर बस म्हटलं तर ती खाली बसली.

"काल पटलेबाईकडे गेली होतीस?"

"गेल्ली होती जी. तीन वाजता."

"मग?"

"परसातून हाक मारली. दोनदा. ओ नाई देल्ली. भांडे बाहेर ठेवले नोयते. म्या म्हनलं, झोपल्या असतीन, आज काम नाई. फडीवर गेली."

"आत जाऊन का पाहिलं नाहीस?" साहेबांनी विचारलं.

रुख्मानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू साहेब या गावचेच नव्हेत. "आत कायले जाईन जी? त्या बलावत नाई तवर मी उंबरा नाई ओलांडत. बारा वर्सं झाले. परवा पाऊल पडलं चुकून सैपाकघरात, तं केवढं बोलल्या! सारं घर धुवून काढलं."

"म्हणून राग आला?"

"राग येऊन काय करू? गरिबाचा राग गरिबालेच खाते."

"तू म्हणतेस तीनला बाईनं ओ दिली नाही. मग चार चाळीसला फुलं कोणी घेतली?"

तिला फोटो दाखवला. तिनं तो उलटा धरला, सुलटा धरला. "मले का मालूम," एवढंच म्हणाली.

गोंदियाच्या डॉक्टरांना दामिनीनं फोन केला. मेंदूत रक्ताची गाठ अडकून झटका आलाय, ते म्हणाले. डोक्याला मारही आहे. आधी झटका आला आणि बाई पडल्या, की आधी कुणी ढकललं, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लवकर आणलं असतं तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं, साडेचार तासांच्या आत. आता वाचतील, पण बोलणं आणि उजवं अंग परत येईल असं नाही.

संध्याकाळ झाली तसं रुख्माला घरी सोडलं, सकाळी परत ये म्हणून. जाताना तिनं दामिनीला विचारलं, "म्याडम, मले कोंडतीन का जी? मायी पोरगी बाळंतपनाले आली आहे. आठवा सरला तिले. घरी दुसरं कोनी नाई."

दामिनीला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून ती फाटकापर्यंत तिच्यासोबत गेली.

थोड्या वेळानं योगेश्वरीचा फोन आला, विमानतळावरून.

"मी रोज एक वाजता फोन करते तिला. ती जेवायला बसायच्या वेळी. काल उचलला नाही. पाच वेळा केला. शेजारच्यांचे नंबर बदललेले, कुणी लागेना. मग सुचेना, तेव्हा फुलं मागवली."

"फुलं?"

"फुलं कुणाला हवी होती, ताई? कुणीतरी दारात जाऊन तिला बघून यावं म्हणून मागवली. पुण्यात बसून आणखी काय करणार होते मी? मग पावणेपाचला फोटो आला. आईनं फुलं घेतली. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, फोन बिघडला असेल. मी त्यांना पाच तारे दिले."

*

गुरुवारी सकाळी दामिनी ठाण्यात आली तेव्हा रुख्मा व्हरांड्यात येऊन बसलेली होती. भाकरी बांधून आणली होती तिनं. कोंडलं तर लागेल म्हणून.

दामिनीनं फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी ताणून मोठा केला. काल नजरेतून सुटलेली गोष्ट आज दिसली. त्या हाताच्या पहिल्या बोटाला पांढरी चिंधी गुंडाळलेली होती.

तिनं योगेश्वरीला दवाखान्यात फोन लावला. "आईच्या बोटांवर कुठे जखम आहे का पाहा. दोन्ही हात नीट पाहा."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "नाही. एकही ओरखडा नाही. का?"

म्हणजे फोटोतला हात सुखवंताबाईंचा नव्हता. मोठा शोध लावल्याच्या तोऱ्यात दामिनी साहेबांकडे गेली, आणि तिथंच फसली. साहेबांनी फोटो पाहिला, मग उठून व्हरांड्यात डोकावले. रुख्माच्या बोटाला चिंधी होती.

"संपलं," साहेब म्हणाले. "तीनला ही गेली, बाईला ढकललं. तेवढ्यात फुलवाला आला, तर हिनंच दारात हात पुढे केला. कागद तयार करा."

"साहेब, टिकेश म्हणतो, काकींनी स्वतः घेतली. तो काकींना ओळखतो."

"घाईत होता तो. दारातून हात आला, फोटो काढला, निघाला. तूच पुरावा आणला आणि तूच आता वकिली करते?"

दामिनी टेबलाशी येऊन बसली. करायला गेली गणपती अन् झाला मारुती, अशी गत. रुख्माला सोडवायला निघाली आणि आपल्याच हातानं तिचा फास आवळून बसली. समोर अटकेचा कोरा कागद. बाहेर ती बाई भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली. दामिनीला पेन उचलवेना, म्हणून ती उगीचच इकडेतिकडे पाहत बसली. पाहता पाहता नजर कपाटावर गेली.

गुच्छ माना टाकून पडला होता. गुलाब काळवंडलेले, रजनीगंधाच्या कळ्या पिवळ्या पडून कागदात गळालेल्या.

काल सकाळी हाच गुच्छ टवटवीत होता. ठाण्यात एक दिवस न् एक रात्र कोरडा राहिला तर त्याची ही गत झाली. मग मंगळवारी चार चाळीसपासून बुधवारी सव्वानऊपर्यंत, बंद घरात, बेचाळीसच्या उकाड्यात, पाण्यावाचून टीपॉयवर पडून तो टवटवीत कसा राहिला?

तिनं टोपी उचलली. "साहेब, अर्धा तास द्या. कागदावर सही मी आल्यावर करा."

*

टिकेश फुलं आणायला गोंदियाला गेला होता. दुकानात एकटी भागरथाबाई, समोर झेंडूचा ढीग.

"आजी, हे गुलाब कोरडे ठेवले तर किती टिकतात?"

"या उन्हात? रात काढत नाई माय. आमी बकेटीत उभे ठेवतो, वरून ओला बारदाना. सकारी पानी शिपडलं का नव्यासारखे."

बोलताना तिचा हात थांबला नव्हता. दामिनी त्या हाताकडे पाहत राहिली. मग तिनं मोबाइल पुढे केला. भागरथाबाईनं फोटो डोळ्याजवळ धरला, ओळखीचं हसली, आणि जे काही सांगितलं ते ऐकून दामिनीनं टिकेशला फोन करून ठाण्यात बोलावलं.

*

दुपारी बारा वाजता ठाणेदारांच्या खोलीत पाच माणसं होती. साहेब, दामिनी, भिंतीशी रुख्मा, दवाखान्यातून थेट आलेली योगेश्वरी, आणि टिकेश. कंपनीचा टी-शर्ट घातलेला टिकेश सारखा पंख्याकडे पाहत होता.

"या प्रकरणात कोणी कोणाला ढकललं नाही," दामिनीनं सुरुवात केली. "साहेब, आपण ते ताट रात्रीचं धरलं. पण मी गेले तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा बंद होता, मला लावावा लागला. रात्री दिव्यावाचून कोणी जेवायला बसतं का? भर दुपारी फटींतला उजेड पुरतो. ते ताट दुपारचं होतं."

"टिकेशनं दिवा विझवला असंल," साहेब म्हणाले.

"का रे? तू बटणाला हात लावला होता?"

"नाई जी," टिकेश पुटपुटला.

"बाई एकच्या आधी जेवायला बसल्या. झटका आला, ओट्याच्या कडेवर पडल्या. म्हणून एक वाजता फोन उचलला नाही. म्हणून तीन वाजता भांडी बाहेर नव्हती, आणि रुख्माला ओ मिळाली नाही. रुख्मा पहिल्या शब्दापासून खरं बोलत होती."

रुख्मानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही दिसलं नाही. ती म्हणाली, "म्हंजे मी हाक मारली तवा त्या आत पडून होत्या जी? माया आवाज ऐकू गेला असंल त्याहिले?"



"मग चार चाळीस?" साहेबांनी विचारलं.

"चार चाळीसला त्या घरी कोणी गेलंच नाही. तेव्हा टिकेश कोहमाऱ्याच्या लग्नाला जायला निघत होता. आधी स्टेज, मग गाड्या. कंपनीचा नियम असा की तीन तासांत फुलं पोचल्याचा फोटो टाकायचा. उशीर झाला की दुकान यादीत खाली जातं. तेव्हा फोटो आधी टाकायचा आणि फुलं सवडीनं द्यायची, संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी. फुलवाल्यांना त्यात काही वाटत नाही आणि घेणाऱ्यांना पत्ता लागत नाही. मंगळवारी दुकानातल्या पांढऱ्या भिंतीसमोर फोटो निघाला. गुच्छ बादलीत गेला, वर ओलं बारदान. बुधवारी सकाळी पाणी शिंपडून टिकेश तो द्यायला गेला. काकींनी हार सांगितला होता म्हणे. मग त्या घरात हार का सापडला नाही? हातात गुच्छ होता, म्हणून. बाई पडलेल्या पाहून तो घाबरला. आदल्या दिवशीच फुलं दिल्याचा फोटो पुण्याला पोचला होता. त्यानं गुच्छ टीपॉयवर ठेवला आणि मला फोन केला."

"हात कोणाचा?" साहेबांचा आवाज उतरला होता.

"हार ओवणाऱ्यांच्या बोटाला दोरा कापतो. चिंधी त्यांनाही लागते, तेंदूपत्तावाल्यांसारखीच. भागरथाआजीनं मला सांगितलं, 'हा तं मायाच हात होय. रोजच काढते टिकेश. म्हनते, आई तुया हात साऱ्या दुनियेत जाते.' दोन वर्षं झाली, साहेब. या गावात कुणाच्याही आईला, बायकोला, मास्तराला फुलं आली, की ती आधी त्या एका हातात गेली. त्या म्हातारीला यात काही वाईट आहे हेसुद्धा ठाऊक नाही. तिनं फोटो ओळखला आणि हसली माझ्याकडे पाहून."

टिकेश खाली बसला. खुर्ची असून जमिनीवर, रुख्माशेजारी. "मी बदमाश नोय जी," तो म्हणाला. "मी अँब्युलन्स बलावली. मी पानी पाजलं. मले का मालूम होतं..."

"चार चाळीसला तू दारात गेला असतास," योगेश्वरी पहिल्यांदाच बोलली, "तर चार तास झाले होते. साडेचार तासांची मुदत असते त्या इंजेक्शनला."

"गोंदियाला पोचेपर्यंत तेवढा वेळ गेलाच असता," साहेब म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता, पण शब्द जागेवर पडले नाहीत.

"गेला असता, साहेब," योगेश्वरी म्हणाली. "पण वीस तास ती एकटी जमिनीवर पडून राहिली नसती. पाण्याचा माठ दोन हातांवर होता."

दामिनीनं मुद्देमालाच्या पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. हे ती करणार नव्हती, पण योगेश्वरीनंच पाहायला मागितलं होतं.

"हे अक्षर कुणाचं?" योगेश्वरीनं विचारलं.

"मायंच," टिकेश म्हणाला. "मेसेज मोबाइलवर येते. कार्डावर मी उतरवतो."

"काय लिहिलंय?"

त्यानं कार्ड हातात घेतलं. "आई, फोन उचल. योगू."

"हे तू स्वतः लिहिलंस. एखादी मुलगी आईला फुलांबरोबर असं का लिहील, हे तुझ्या मनात आलं नाही?"

टिकेशनं कार्ड टेबलावर परत ठेवलं.

"लिवलं जी," तो म्हणाला. "वाचलं नाई."

साहेबांनी कायद्याचं पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं. पोलिसांना खोटी माहिती दिली याला कलम होतं. कंपनीला फसवलं याला कंपनी तक्रार करील तर कलम होतं. दारात न जाण्याला कुठलंच कलम नव्हतं. अटकेचा कोरा कागद त्यांनी टरकावून टोपलीत टाकला आणि रुख्माला म्हणाले, "जा बाई तू."

रुख्मा उठली. दारापाशी पोचून परत वळली आणि योगेश्वरीसमोर उभी राहिली, चार हात लांब, बारा वर्षांच्या सवयीनं.

"बाई घरी येतीन का जी?"

"येईल. पण सगळं करावं लागेल तिचं. उठवणं, भरवणं. मी किती दिवस राहू शकेन माहीत नाही." मग योगेश्वरी रडायला लागली. "रुख्माबाई, तुम्ही याल का? आत... आतपर्यंत?"

भाकरीचं फडकं रुख्मानं या हातातून त्या हातात घेतलं.

"आता बोलावतीन कोन जी?" ती म्हणाली. "त्याहिनं आत ये म्हनलं असतं तं गेली असती. त्याहिले आता बोलताच येत नाई."

एवढं बोलून ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली. ऊन डोक्यावर आलं होतं. दामिनीनं कार्ड पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. योगेश्वरीनं ते घरी न्यायला मागितलं, पण देता येणार नव्हतं, मुद्देमाल म्हणून निकाल लागेपर्यंत ते ठाण्यातच राहायचं होतं. दामिनीनं तसं सांगितलं, आणि पाकिटावर तारीख घातली.